सहाव्या इनिंगची साफ प्रत

६ एप्रिल, रविवार

अंतिम सामना जिंकलो. चार-तीन. सहासष्ट वर्षांचा माणूस आज भर मैदानात नाचला, चपलेचा अंगठा तुटला तरी नाचतच राहिला.

शेवटची, म्हणजे सातवी इनिंग. समोरच्या मौद्याच्या संघाच्या दोन पोरी आऊट, तिसरी झाली की संपलं, पण एक तिसऱ्या बेसवर उभी, बरोबरीला एकच रन. त्यांच्या बॅटरनं मारला तो चेंडू सरळ आभाळात गेला, इतका वर की उन्हात दिसेना. बॅटरमागे बसणारी आमची कॅचर ऋतुजा तोंडावरची जाळी फेकून मागे मागे धावली आणि कुंपणाशी गुडघ्यावर पडून तिनं तो झेलला. मी आधी स्कोअरच्या वहीत लिहिलं, मग उठलो. अकरा वर्षांची सवय आहे. जगबुडी आली तरी आधी चौकट भरणार, मग पळणार.

एरवी मी आपल्या मंडळाची वही लिहितो, कोणी बोलावलं तर इतरांचीही, हौसेनं. आज स्पर्धा समितीचा स्कोअरर आलाच नाही. समितीचे अध्यक्ष भैयाजी म्हणाले, बापूजींचीच वही अधिकृत धरू. मौद्याच्या संघाचे व्यवस्थापक सुशील यांना विचारलं, तर ते म्हणाले, "बापूजी लिहून राहिले न, मग आमची काही हरकत नाही." समोरच्या संघानं असं म्हणावं! कप पोरींनी उचलला, पण थोडा मीही जिंकलो असं वाटलं. खोटं कशाला लिहू, दैनंदिनीच आहे.

एकाच गोष्टीनं मन खट्टू झालं. तेरा पोरींपैकी एकट्या अपेक्षाला उतरायलाच मिळालं नाही. सकाळी साडेसहापासून शेडमागे उकिडवी बसून आमच्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोरींचे चेंडू झेलत होती, अंगठ्याला पट्टी बांधून. सामना सुरू झाल्यावरही दर इनिंगच्या आधी तेच. पण मैदानात नाही. चार हंगाम झाले, बिचारी नुसती बसून आहे.

८ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस तेच चाललंय. चहा पिताना सहावी इनिंग, आंघोळ करताना सातवी. प्रेमिला म्हणाली, आता पुरे करा, भाजीवालीलाही माहीत झालं.

गार्गीला फोन केला. कळमेश्वरला एमआयडीसीत आहे ती, जावईही तिथंच. म्हटलं, आपण जिंकलो. "हो, ऐकलं," म्हणाली. शिफ्टला जायचं होतं तिला. दोन मिनिटांत फोन संपला. नागपूरपासून तासाभराचा रस्ता, पण वर्षातून दोनदा येते.

तिचा राग अजून गेलेला नाही, मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी राज्याच्या संघासाठी निवड-सामना होता. गार्गी शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. तिच्याकडे चेंडू आला आणि सुटला. वही माझ्याकडे होती. मी तिच्या नावावर एरर लिहिली, चूक. त्या एका एररनं तिची निवड हुकली आणि पुढच्याच महिन्यात तिनं ग्लोव्ह टाकून दिला. तेव्हापासून पूर्व नागपुरातल्या कुठल्याही मैदानावर माझी ओळख हीच आहे: स्वतःच्या पोरीची चूक लिहिणारा माणूस. वाईट तर वाटतंच. पण वही म्हणजे वही.

११ एप्रिल, शुक्रवार

हंगाम संपला की खरी डोकेदुखी सुरू होते. कुशल सरांनी शाळेच्या व्हरांड्यात बैठक घेतली. सर शाळेत पीटी शिकवतात आणि संध्याकाळी आमच्या पोरींना. ऋतुजा पुण्याच्या कॉलेजात चालली, खेळाडू म्हणून जागा मिळाली. एका पिचरचं लग्न ठरलं. म्हणजे पुढच्या वर्षी कॅचर नाही आणि पिचर एकच. शिवाय पुढच्या हंगामात बेसबॉलच खेळायचं की परत सॉफ्टबॉलकडे जायचं, हाही घोळ. आमचं मंडळ मुळात सॉफ्टबॉलचं. बेसबॉल सुरू करून तीनच वर्षं झाली. मैदान तेच, पोरी त्याच, चेंडू तेवढा लहान.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं समितीचं पत्र आलं. यंदापासून विजेतेपदाचं प्रमाणपत्र फक्त अंतिम सामन्यात प्रत्यक्ष मैदानात उतरलेल्या खेळाडूंनाच. वहीची साफ प्रत सोमवारी द्या.

पत्र वाचून झालं तेव्हा सगळ्यांनी अपेक्षाकडे बघायचं टाळलं. आमच्याकडे रीतच आहे, आघाडी असली की सर शेवटच्या इनिंगला बाकावरच्या पोरींना उतरवतात, नाव लागावं म्हणून. त्या दिवशी आघाडी एका रनची. कोणाला बदलणार? सर म्हणाले, "मले तं त्या वेळी सुचलंच नाही गा." अपेक्षा म्हणाली, काही नाही सर, आणि हेल्मेटं मोजायला लागली.

या प्रमाणपत्रावर तिची नोकरी अडली आहे. खेळाडूंच्या कोट्यातली भरती निघाली आहे, अर्ज मेअखेरपर्यंत. वयात बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. वडील नाहीत, आई एका मेसमध्ये पोळ्या लाटते आणि ही तिला मदत करते. हे सगळं मला तिच्या आईनंच सांगितलं होतं, मागच्या दिवाळीत. ती स्वतः कधी काही बोलत नाही.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी साफ प्रत काढायला बसलो. हे काम मला आवडतं. विणकरांच्या सोसायटीत तीस वर्षं आलेखाच्या कागदावर लुगड्यांच्या किनारी काढल्या, त्यामुळे चौकटी पाहिल्या की हात आपोआप सरळ चालतो.

सहाव्या इनिंगपाशी थांबलो. दोन आऊट होते, ऋतुजा पहिल्या बेसवर पोचली, पुढची बॅटर आऊट झाली आणि इनिंग संपली. ऋतुजाच्या नावाखाली बदली खेळाडूची ओळ कोरी होती. त्या ओळीत लिहिलं: अपेक्षा, सहावी इनिंग, पहिल्या बेसवरून ऋतुजाऐवजी पळायला. मग सातव्या इनिंगला ऋतुजा पुन्हा कॅचर.

रन एकही बदलला नाही. आऊट तेवढेच. मौद्याचं काही गेलं नाही, आमचं काही वाढलं नाही. एका पोरीचं नाव लागलं, इतकंच. पेन खाली ठेवल्यावर हात धुऊन आलो, का ते माहीत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा न घडलेलं लिहिलं. उद्या द्यायची आहे. अजून कागद माझ्याकडेच आहे, फाडता येईल.

१४ एप्रिल, सोमवार

दिली. भैयाजींनी न बघता सही केली. म्हणाले, तुमची वही कोण तपासते जी.

२० एप्रिल, रविवार

आज प्रमाणपत्रं वाटली. तेरा. अपेक्षाचं नाव पुकारलं तेव्हा ती जागची हलेना, ऋतुजानं ढकललं. कागद घेऊन बराच वेळ वाचत राहिली. मग सरांपाशी जाऊन काहीतरी पुटपुटली. सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. ती नाही हसली. आनंद पचवायची सवय नसते काही माणसांना.

आईनं मात्र तिथंच डोळ्याला पदर लावला. माझ्या पाया पडायला आली, मी मागे सरलो. घरी येताना सायकल हलकी चालत होती. म्हटलं, बापूजी, आयुष्यभर सरळ रेघा मारल्या, एक वाकडी मारली तर कोणाचं तरी भलं झालं.

२ मे, शुक्रवार

पारा चव्वेचाळीसवर. कूलरच्या ताट्या बदलल्या. मैदान ओस. मंडळानं पुढच्या वर्षीही बेसबॉलच खेळायचं ठरवलं, जिंकलेला खेळ कोण सोडतो! कॅचर म्हणून अपेक्षाला तयार करा असं मी सुचवलं. सर म्हणाले, ती तयारच आहे हो, आपणच तिले उतरवलं नाही. मला हे बोलणं पटलं नाही. बाकावर बसून कोणी तयार होतं का?

५ मे, सोमवार

सुशील घरी आले होते. मौद्याहून मोटारसायकलवर, एवढ्या उन्हात. प्रेमिलानं पन्हं दिलं. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून माझ्या साफ प्रतीची झेरॉक्स काढली आणि सहाव्या इनिंगवर बोट ठेवलं. आवाज अगदी नरम. म्हणाले, ऋतुजाऐवजी अपेक्षा आली, म्हणजे ऋतुजा सामन्यातून बाहेर. मग सातव्या इनिंगला ती परत कशी काय खेळली?

मी म्हणालो, सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं. ते म्हणाले, "ते सॉफ्टबॉलमध्ये, बापूजी. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेली का गेली."

हे मला माहीत होतं हो. बेसबॉलच्या नियमांचं पुस्तक तीन वर्षांपूर्वी वाचलं होतं. पण हात सॉफ्टबॉलचा, सवय सॉफ्टबॉलची. त्या सकाळी डोक्यात फक्त अपेक्षाचं नाव होतं.

नियमाबाहेरची खेळाडू खेळवली तर सामना समोरच्या संघाला, असं समितीच्या नियमात लिहिलं आहे. शेवटचा झेल ऋतुजाचाच. मौद्यानं अर्ज दिला आहे. सुशील निघताना म्हणाले की त्यांच्याही दोन पोरी त्याच भरतीत आहेत, नाहीतर ते आले नसते. मी विचारलं, तुम्हाला अपेक्षा पळताना दिसली होती का? ते म्हणाले, "मले आठवत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखी हेल्मेटं. पण तुम्ही लिहिलं म्हणजे पळलीच असंल न."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

६ मे, मंगळवार

रविवारी समितीची सुनावणी. कुशल सर भेटले, चेहरा उतरलेला. मला वाटलं आता विचारतील, बापूजी, हे काय लिहिलं? तसं काही नाही. ते स्वतःलाच दोष देत होते. "मीच पाठवलं असंन तिले पळाले. ऋतुजाचा गुडघा दुखून राहिला होता त्या दिवशी. घाईत नियम सुटला डोक्यातून. एवढी पोट्ट्यांची मेहनत माझ्या एका चुकीनं गेली पाहा."

मला तिथंच सांगता आलं असतं. पंचांकडच्या खेळाडू-बदलाच्या चिठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी रद्दीत गेल्या, आता पुरावा एकच, माझी वही. ऋतुजाला फोन केला, तर तीही म्हणाली, आठवत नाही बापूजी, मी बसलीही असंन थोडा वेळ. आणि सर तर महिन्याभरापूर्वी स्वतःच म्हणाले होते, सुचलंच नाही. म्हणजे माझं एक खोटं वाक्य सगळ्यांना आठवायला लागलं आहे. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या वहीवर भरवसा यांचा. आधी याच गोष्टीचा अभिमान होता मला. आज घाबरलो.

७ मे, बुधवार

प्रेमिलाला सांगितलं. दुपारी ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. मला वाटलं रागावेल, किंवा म्हणेल चांगल्या मनानं केलं. ती म्हणाली, "परक्या पोरीसाठी पेन चालला तुमचा."

एक खडा वेचून तिनं ताटाबाहेर टाकला.

"गार्गीच्या वेळी चेंडू खड्यावर उसळला होता. मी कुंपणापाशी उभी होती. पाहिलं मी."

नऊ वर्षांत हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं. मी विचारलं, तेव्हा काहून नाही बोलली वं? म्हणाली, "तुमच्या वहीपुढं कोणाचं चाललं?" आणि ताट घेऊन आत गेली.

८ मे, गुरुवार

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहितो, कारण हे वाचणारा मीच आहे.

चेंडू खड्यावर उसळला होता. मलाही दिसलं होतं. चेंडू असा उसळला तर ती खेळाडूची चूक नसते, समोरच्या बॅटरला हिट द्यायची असते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पेन हिटकडे चाललाही होता. पण माझ्या मागे निवड समितीची माणसं बसली होती, त्यांतला एक हसून म्हणाला होता, बापाच्या हातात वही, पोरीचं काय वाईट होणार. ते कानात होतं. मी एरर लिहिली. मागून कोणीतरी पाठ थोपटली. ती थाप मी नऊ वर्षं पाठीवर घेऊन फिरलो.

लोक ज्याला माझा सरळपणा म्हणतात तो मुळात इथून सुरू झाला. मला लाज वाटते. या वयात इतकी लाज वाटेल असं वाटलं नव्हतं.

९ मे, शुक्रवार

हिशेब सोपा आहे. गप्प बसलो तर कप मौद्याला, आमच्या तेराही पोरींची प्रमाणपत्रं रद्द, आणि कुशल सर जन्मभर स्वतःला खात बसणार. बोललो तर एकट्या अपेक्षाचं प्रमाणपत्र जाईल. तिनं अर्ज भरून टाकला आहे, तिच्या आईनं परवा देवळात सांगितलं, तोंड भरून.

एवढा सोपा हिशेब असून दोन दिवस पाय उचलत नाही. अपेक्षासाठी नाही उचलत, असं लिहावंसं वाटतं. पण खरं म्हणजे माझ्या नावासाठी नाही उचलत.

११ मे, रविवार

सांगून आलो.

भैयाजींच्या ऑफिसात दहा-बारा माणसं. मी मूळ वही टेबलावर ठेवली, सहाव्या इनिंगचं पान उघडलं, कोरी ओळ दाखवली. म्हणालो, अपेक्षा पळाली नाही, सरांनी कोणाला पाठवलं नाही, नाव मी घरी बसून घातलं, तिला किंवा कोणालाही न विचारता.

कुशल सर माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण चेहऱ्यावर ते नव्हतं. भैयाजींनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिली. निकाल लगेच झाला. सामना आमचाच. अपेक्षाचं प्रमाणपत्र परत घ्यायचं, भरतीच्या कार्यालयाला तसं कळवायचं. आणि मी यापुढे कुठल्याही सामन्याची वही लिहायची नाही. ही तिसरी गोष्ट कोणाला बोलता येईना, म्हणून मीच म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली.

सुशील शेवटी बाहेर आले. हरले होते, पण चिडले नव्हते. चपला घालता घालता म्हणाले, "बापूजी, आमच्या पोट्ट्यांचे मागचे सामनेही तुम्हीच लिहिले. आता ते कसे धरायचे आम्ही?"

मी म्हणालो, खरे आहेत. ते मान हलवून गेले. विश्वास ठेवला की नाही, मला समजलं नाही. मीही त्यांच्या जागी असतो तर ठेवला नसता.

कप राहिला. संध्याकाळी पोरींनी सरांच्या घरी पेढे वाटले म्हणे. मला बोलावणं नव्हतं, आणि मी गेलोही नसतो.

१३ मे, मंगळवार

मी अपेक्षाकडे जाणार होतो, ती आधी आली. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, कोपरा दुमडू नये म्हणून. म्हणाली, समितीले तुमच्याच हातून देऊन द्या, मी तिथं जात नाही.

माफी मागितली. मी हात जोडले तर ती संकोचून उठायलाच लागली. प्रेमिलानं बसवलं तिला. मग हळूहळू बोलली. प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी सरांना विचारलं होतं तिनं, हे बरोबर आहे का म्हणून. सर म्हणाले, बापूजींनी लिहिलं आहे. घरी गेली तर आईनं कागद देवापुढे ठेवलेला. मग तिच्यानं खरं बोलवेना, अर्ज भरला. काल तिनं स्वतःच जाऊन अर्ज मागे घेतला. मेसच्या बायका विचारतात, नोकरीचं काय झालं, तर आई पोळ्या लाटत राहते.

"तुम्ही मले एकडाव विचारलं असतं बापूजी," ती म्हणाली.

मी म्हणालो, तू चार वर्षं बसून होतीस, ते पाहवलं नाही.

"मी बसून नव्हती." आवाज चढवला नाही तिनं. "त्या दिवशी दोनशे चेंडू झेलले मी. दोघी पिचरचे हात मीच गरम केले. सातव्या इनिंगले कोणती पिचर पाठवायची, ते सरांनी मले विचारून ठरवलं. मी तं खेळलीच होती. पळली म्हणून लिहिलं तुम्ही, तेवढं खोटं होतं."

वहीत त्याला चौकट नसते, मी म्हणालो. "हो," ती म्हणाली आणि पाणी पिऊन गेली. डाव्या अंगठ्यावर अजून पट्टी होती. महिनाभर झाला, सूज तशीच. मी तिच्यावर दया करत होतो इतके दिवस, आणि तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या हंगामात येणार का, हे प्रेमिलानं विचारलं. नाही म्हणाली.

१८ मे, रविवार

कळमेश्वरला गेलो. फोन न करता. प्रेमिलानं डबा दिला पण सोबत आली नाही. म्हणाली, हे तुमचं तुम्ही करा.

जावई झोपले होते, रात्रपाळी करून आलेले. गार्गी भांडी घासत होती, तिलाही दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. मला पाहून घाबरली, आईला काही झालं का म्हणून. नाही म्हटलं. अपेक्षाचं प्रकरण तिच्या कानावर आलं होतं. मी मोरीच्या दारातच स्टुलावर बसलो. बसमध्ये भरपूर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरलो.

"गार्गी, त्या निवड-सामन्यात चेंडू खड्यावर उसळला होता. तुझी चूक नव्हती. मले दिसलं होतं. लोकं म्हणतील बापानं वाचवलं, म्हणून मी एरर लिहिली."

तिनं नळ बंद केला. मला वाटलं आता नऊ वर्षांचं सगळं बाहेर पडेल. मी त्यासाठीच गेलो होतो, रागावून घ्यायला. रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं, पाय धरले असते.

ती म्हणाली, "म्हणजे माह्या हातून नव्हता सुटला?"

"नाही."

"मले तं आधी तसंच वाटलं होतं, बाबा. का उसळला म्हणून. मग घरी येऊन तुमची वही पाहिली मी. एरर होती." ओल्या हातांनी तिनं केस मागे सारले. "तुम्ही लिहिलं म्हणजे माहंच चुकलं असंल म्हटलं. हातच नाही आपले खेळाचे. म्हणून सोडलं."

मी विचारलं, म्हणजे तू माझ्यावर रागावली नव्हतीस?

"तुमच्यावर काहून रागवू? तुम्ही तं खरं लिहिलं होतं."

मी तिथंच रडलो. तिनं मला रडू दिलं, जवळ आली नाही, गेलीही नाही. थोड्या वेळानं विचारलं, खडा नेमका कुठं होता. मी सांगितलं, दुसऱ्या बेसच्या डावीकडे, दोन-तीन पावलांवर, चुना पुसला गेला होता तिथं. ती डोळे मिटून उभी राहिली, मैदान आठवल्यासारखी.

"हो," म्हणाली. "तिथंच होता."

मग रस्त्यावर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिनं ओढणीला हात पुसले, मी आणलेला डबा तसाच पिशवीत टाकला आणि कामावर गेली.